न हरलेला मोसम

२७ एप्रिल २०२४. लेव्हरकुसेनच्या बायअरेना मैदानावर नव्वद मिनिटं संपली होती आणि यजमान बायर लेव्हरकुसेन संघ श्टुटगार्टविरुद्ध १-२ असा मागे होता. खरं तर या सामन्यावर काहीच अवलंबून नव्हतं. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगचं, बुंडेसलिगाचं, विजेतेपद लेव्हरकुसेननं तेरा दिवसांपूर्वीच निश्चित केलं होतं. हा सामना हरले असते तरी गुणतक्त्यातलं पहिलं नाव बदलणार नव्हतं. तरीही अख्खा संघ श्टुटगार्टच्या गोलसमोर येऊन ठाकला होता. भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला गोलजवळच्या गर्दीत रॉबर्ट आंद्रिखच्या पायाशी चेंडू आला आणि त्यानं तो जाळ्यात धाडला. २-२. विजेतेपद आधीच जिंकलेल्या संघाचे चाहते एका बरोबरीसाठी वेडे झाले.

असं का झालं, हे समजून घ्यायचं तर त्या संघाचा २०२३-२४ चा मोसम समजून घ्यावा लागतो. युरोपातल्या क्लबाचा एक मोसम म्हणजे नेमकं काय, लीग आणि चषक या दोन स्पर्धा एकाच वेळी कशा चालतात, आणि दोन्हीकडे एकही सामना न हरणं हे इतकं अशक्यप्राय का, हे सगळं या एका क्लबाच्या दहा महिन्यांत पाहायला मिळतं.

लीगचा हिशेब वरवर अगदी साधा आहे. अठरा क्लब. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३४ सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. ऑगस्टमध्ये सुरुवात, मे महिन्यात शेवट. आयपीएल किंवा प्रो कबड्डी पाहणाऱ्या आपल्याला सवय असते ती साखळी संपल्यावर प्ले-ऑफ आणि मग अंतिम सामन्याची. जर्मनीत विजेता ठरवायला तसलं काही नाही. चौतीस सामन्यांनंतर ज्याचे गुण सर्वात जास्त, तो विजेता. एखाद्या रात्रीच्या चमत्कारानं ही लीग जिंकता येत नाही.

आणि तळाला काय चाललेलं असतं, तेही वरच्याइतकंच महत्त्वाचं. शेवटचे दोन क्लब थेट दुसऱ्या श्रेणीत ढकलले जातात. शेवटून तिसऱ्याला दुसऱ्या श्रेणीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. खालच्या श्रेणीत गेलं की प्रक्षेपणाचे पैसे आटतात, चांगले खेळाडू निघून जातात. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तळाचा संघ जिवाच्या आकांतानं खेळतो. वरच्या संघासाठी 'सोपा सामना' अशी गोष्ट या लीगमध्ये फारशी उरत नाही.

आता न हरण्याचं गणित पाहू. समजा, एखादा संघ इतका बलाढ्य आहे, की कुठल्याही एका सामन्यात न हरण्याची त्याची शक्यता ९० टक्के आहे. दहातले नऊ सामने तो जिंकतो किंवा बरोबरीत सोडवतो. असा संघ ३४ सामने न हरता पार पाडेल याची शक्यता किती? ०.९ ला ०.९ नं असं चौतीस सामन्यांसाठी गुणत जा. उत्तर येतं तीन टक्क्यांहूनही कमी. संघ आणखी बळकट धरला, ९५ टक्क्यांचा, तरी शक्यता सुमारे साडेसतरा टक्केच. फुटबॉलमध्ये एका सामन्यात साधारण तीन गोल होतात. गोल इतका दुर्मीळ असल्यामुळे नशिबाला शिरकाव करायला भरपूर जागा मिळते. एखाद्या बचावपटूच्या टाचेला लागून चेंडूची दिशा बदलते, पंच एक पेनल्टी देतात, एका खेळाडूला लाल कार्ड मिळतं आणि नव्वद मिनिटं वरचढ असलेला संघ हरून घरी जातो. म्हणूनच १९६३ साली बुंडेसलिगा सुरू झाल्यापासून कुठलाही क्लब अपराजित राहून मोसम संपवू शकला नव्हता. बायर्न म्युनिकलाही ते जमलं नव्हतं. २०१२-१३ मध्ये बायर्ननं ९१ गुणांचा विक्रम केला, पण एक सामना ते हरलेच, तोही आपल्याच घरी. त्यांना हरवणारा संघ होता लेव्हरकुसेन.

हा क्लब कुठून आला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऱ्हाइन नदीकाठचं लेव्हरकुसेन हे बायर या रसायन आणि औषध कंपनीचं गाव. तीच बायर, जिनं ॲस्पिरिन जगभर नेलं, जिच्या कीटकनाशकांच्या बाटल्या आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत दिसतात आणि जिच्या भारतीय शेती कंपनीचं कार्यालय ठाण्यात आहे. १९०३ साली विल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या कामगारानं कंपनीला पत्र लिहून क्रीडा संघटना सुरू करायला मदत मागितली. पत्राखाली सुमारे १८० सहकाऱ्यांच्या सह्या होत्या. १९०४ मध्ये क्लब स्थापन झाला. जर्मनीत साधारण नियम असा, की क्लबातली बहुमताची सत्ता सभासदांकडेच राहिली पाहिजे, बाहेरच्या गुंतवणूकदाराला ती घेता येत नाही. लेव्हरकुसेनला यातून सवलत आहे, कारण कंपनीचं आणि क्लबाचं नातं त्या नियमाहून कितीतरी जुनं. यामुळे इतर क्लबांचे चाहते त्यांना 'कंपनीचा संघ' म्हणून हिणवत आले.

मला हे हिणवणं कधीच पटलं नाही. आपल्याकडे तर कंपन्यांच्या आणि बँकांच्या संघांनी फुटबॉल जगवला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं २००५-०६ मध्ये डेरिक परेरा या गोव्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि फेडरेशन कप, दोन्ही एकाच मोसमात जिंकले होते. पुढे २०१० मध्ये कंपनीनं तो संघच बंद केला. तो चालू राहायला हवा होता, असं मुंबईचा फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही आजही वाटेल.

लेव्हरकुसेनला दुसरंही एक नाव चिकटलेलं होतं: कायमचे उपविजेते. लीगमध्ये पाच वेळा ते दुसरे आले होते. २००० साली शेवटच्या दिवशी उंटरहाखिंग या छोट्या क्लबाविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती. लेव्हरकुसेनच्याच मिखाएल बालाककडून स्वयंगोल झाला, सामना ०-२ असा गेला आणि विजेतेपद बायर्नकडे. २००२ चा घाव तर आणखी खोल. लीगचे तीन सामने उरले असताना पाच गुणांची आघाडी होती; शेवटी डॉर्टमुंडनं एका गुणानं बाजी मारली. त्यानंतर जर्मन चषकाचा अंतिम सामना शाल्केविरुद्ध हरले. आणि चारच दिवसांनी ग्लासगोमध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत रेआल माद्रिदविरुद्ध, जिच्यात झिनेदिन झिदाननं डाव्या पायानं तो अविस्मरणीय गोल केला. तीन स्पर्धांच्या उंबरठ्यावर आलेला संघ रिकाम्या हातानं परतला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये शाबी अलोन्सो प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा आठ सामन्यांत पाच गुण मिळवून संघ शेवटून दुसरा होता. अलोन्सो खेळाडू म्हणून फार मोठा. लिव्हरपूल, रेआल माद्रिद आणि बायर्नकडून खेळलेला, स्पेनबरोबर विश्वचषक जिंकलेला. पण वरिष्ठ पातळीवर प्रशिक्षक म्हणून त्यानं तोवर रेआल सोसिएदादचा दुय्यम संघच सांभाळला होता. त्यानं त्या मोसमात संघाला सहाव्या स्थानावर आणलं आणि २०२३ च्या उन्हाळ्यात नेमके खेळाडू आले. आर्सेनलकडून ग्रानिट झाका, बेल्जियममधून व्हिक्टर बोनिफेस, बेनफिकाचा करार संपल्यामुळे फुकटात मिळालेला अलेहान्द्रो ग्रिमाल्डो, आणि बायर्नकडून एका मोसमापुरता लोनवर योसिप स्टानिसिच. या शेवटच्या नावाकडे लक्ष ठेवा.

अलोन्सोच्या संघाची मांडणी पाहण्यासारखी होती. मागे तीन बचावपटू. त्यांच्या पुढे मध्यभागी झाका आणि त्याचा जोडीदार, कधी पालासिओस, कधी आंद्रिख. आणि दोन्ही कडांवर डावीकडे ग्रिमाल्डो, उजवीकडे जेरेमी फ्रिम्पाँग. हे दोघे कागदावर बचावपटू, पण चेंडू आपल्याकडे असताना ते आघाडीच्या खेळाडूंइतके पुढे गेलेले असत. प्रतिस्पर्ध्यानं बचावाची रांग आखडून मधली जागा बंद केली तर कडा मोकळ्या. कडा अडवायला रांग पसरली तर मध्ये फटी पडत आणि त्या फटींत उभा असे फ्लोरियन विर्ट्झ. मोसम सुरू झाला तेव्हा हा मुलगा वीस वर्षांचा होता. पाठीमागून येणारा चेंडू घेताना तो गोलकडे अर्धवट वळूनच उभा राहायचा. त्यामुळे चेंडू पायाला लागला की वळण्यात वेळ जात नसे. पहिलाच स्पर्श पुढच्या दिशेला. पुन्हा सामना पाहायला मिळाला तर फक्त त्याच्या खांद्यांकडे पाहा. पास येण्याआधी तो दोनदा-तीनदा मान वळवून मागचं चित्र बघून घेतो.

चौथ्याच सामन्यात म्युनिकला जाऊन परीक्षा झाली. बायर्न दोनदा पुढे गेलं, ८६व्या मिनिटाला २-१. भरपाई वेळेत पालासिओसनं पेनल्टीवर बरोबरी साधली. तेव्हा तो फक्त चांगला निकाल वाटला. आज मागे वळून पाहिलं तर त्या पेनल्टीवर सगळा इतिहास तोललेला होता.

आकडा बघा: अठ्ठावीस विजय, सहा बरोबऱ्या. त्या सहा बरोबऱ्या डॉर्टमुंडशी दोन, श्टुटगार्टशी दोन, बायर्नशी एक आणि ग्लाडबाखशी एक. यांपैकी तीन सामन्यांत लेव्हरकुसेननं भरपाई वेळेत गोल करून पराभव टाळला. म्युनिकमध्ये पालासिओस, चौथ्या मिनिटाला. डॉर्टमुंडमध्ये स्टानिसिच, सातव्या मिनिटाला. श्टुटगार्टविरुद्ध आंद्रिख, सहाव्या मिनिटाला. हे तीन गोल झाले नसते तर विजेतेपद तरीही त्यांचंच होतं, पण शून्य पराभवांचा रकाना उरला नसता.

आणि शेवटच्या क्षणी मिळवलेले विजय वेगळेच. जानेवारीत आफ्रिकेतल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा होती, ताप्सोबा, कोसुनू आणि आदली आपापल्या देशांकडे गेले होते, बोनिफेस जायबंदी. त्याच आठवड्यांत ऑग्सबुर्गला पालासिओसनं आणि लाइपझिगला हिंकापिएनं भरपाई वेळेत विजयी गोल केले. मार्च अखेरीस होफेनहाइमविरुद्ध ८८व्या मिनिटापर्यंत ०-१ होतं. आंद्रिखनं बरोबरी साधली आणि तीनच मिनिटांत पात्रिक शिकनं सामना जिंकून दिला. युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीग या स्पर्धेत काराबाखविरुद्ध तर भरपाई वेळेत शिकनं दोन गोल केले.

हे नुसतं नशीब होतं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण खेळातच दिसतं. चेंडू जवळ ठेवून शांतपणे फिरवत राहणाऱ्या संघामागे प्रतिस्पर्ध्याला तासभर धावावं लागतं. चेंडूमागे धावणारे पाय चेंडू खेळवणाऱ्या पायांपेक्षा लवकर थकतात. त्यात आता पाच बदली खेळाडू उतरवता येतात, म्हणजे गोलरक्षक सोडून मैदानावरच्या दहांतला निम्मा संघ शेवटच्या अर्ध्या तासात ताजा होतो. ज्याच्या बाकावर शिकसारखा खेळाडू बसलेला आहे, त्याला हा नियम सोन्यासारखा. शिवाय ९०व्या मिनिटानंतरही या संघानं सहसा आंधळेपणानं उंच चेंडू भिरकावले नाहीत. ते पहिल्या मिनिटाला खेळत तसेच खेळत राहिले. तीनेक सामन्यांत असं घडल्यावर त्यांना स्वतःला आणि समोरच्यालाही खात्री वाटू लागली, की शेवटी यांचा गोल होणारच. दैवाचा वाटा होताच. पण दैवाला इतक्या वेळा संधी देणंही कौशल्याचं काम आहे.

१० फेब्रुवारीला बायर्न लेव्हरकुसेनला आलं. सलग अकरा वर्षं विजेते असलेले बायर्न, हॅरी केनला सोबत घेऊन. पहिला गोल केला स्टानिसिचनं, जो करारानं बायर्नचाच होता. दुसरा ग्रिमाल्डोनं. आणि शेवटच्या क्षणी बायर्नचा गोलरक्षक मानुएल नॉयर कॉर्नरसाठी पुढे गेलेला असताना फ्रिम्पाँगनं दूरवरून रिकाम्या जाळ्यात चेंडू मारला. ३-०. त्या संध्याकाळनंतर जर्मनीत विजेता कोण याबद्दल फार चर्चा उरली नाही. १४ एप्रिलला वेर्डर ब्रेमेनवर ५-० विजय मिळवून पाच सामने राखून त्यावर शिक्कामोर्तब झालं. विर्ट्झनं दुसऱ्या सत्रात तीन गोल केले. शेवटच्या गोलानंतर प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना पुढे सुरूच झाला नाही. क्लबच्या स्थापनेला १२० वर्षं होत आली होती आणि हे लीगचं पहिलं विजेतेपद होतं.

आता चषक. डीएफबी पोकाल ही स्पर्धा लीगच्या नेमकी उलट प्रकृतीची. ६४ क्लब, सहा फेऱ्या, दर फेरीला एकच सामना. कुस्तीच्या फडासारखं, पाठ टेकली की बाहेर. गतवेळची चूक पुढच्या आठवड्यात भरून काढायची सोय नाही. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत छोटा क्लब मोठ्याशी पडला तर सामना छोट्याच्या गावात होतो. मोठ्या शहरांतले लाखमोलाचे खेळाडू एखाद्या लहान मैदानावर उतरतात आणि दरवर्षी कुणी ना कुणी तिथे गारद होतं. मला ही स्पर्धेतली सर्वांत लोकशाहीवादी तरतूद वाटते. गणित इथेही निर्दय आहे: प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ८० टक्के असलेल्या संघालाही सहाच्या सहा जिंकायची शक्यता जेमतेम २६ टक्के.

लेव्हरकुसेनची सुरुवात झाली हॅम्बर्गच्या चौथ्या श्रेणीतल्या टॉइटोनिया ओटेन्सेनविरुद्ध, ८-० अशी. मग झांडहाउझेन, पाडेरबोर्न. उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा श्टुटगार्ट; योनाथन ताहनं ९०व्या मिनिटाला हेडर मारून ३-२ केलं. उपांत्य फेरीत ड्युसेलडॉर्फ ४-०. बायर्न तर दुसऱ्याच फेरीत तिसऱ्या श्रेणीतल्या झारब्रुकेनकडून बाद झालं होतं. त्याच झारब्रुकेनला उपांत्य फेरीत हरवून अंतिम सामन्यात आलं काइझर्सलाउटर्न, दुसऱ्या श्रेणीत तळाकडे झगडणारा पण थोर परंपरेचा क्लब.

पण बर्लिनमधल्या चषकाच्या त्या अंतिम सामन्याआधी तीनच दिवस डब्लिनमध्ये युरोपा लीगची अंतिम लढत होती. १८ मे रोजी ऑग्सबुर्गला २-१ हरवून लीग अपराजित संपली. सर्व स्पर्धा मिळून सलग ५१ सामने संघ हरलेला नव्हता. साठच्या दशकातल्या बेनफिकाचा ४८ सामन्यांचा युरोपीय विक्रम मागे पडला होता. आणि २२ मेला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात इटलीच्या अटलांटानं त्यांना ०-३ असं चिरडलं. अदेमोला लुकमननं एकट्यानं तिन्ही गोल केले. ३६१ दिवसांनंतरचा पहिला पराभव.

वर्षभर हरणं म्हणजे काय हेच विसरलेला संघ तीन दिवसांत पुन्हा अंतिम सामन्याला कसा उभा राहणार, हा प्रश्न होता. मला विचाराल तर या मोसमातली सर्वांत अवघड परीक्षा हीच. २५ मे, बर्लिनचं ऑलिंपिक मैदान. सतराव्या मिनिटाला झाकानं पेनल्टी क्षेत्राच्या बऱ्याच बाहेरून डाव्या पायानं जोरदार फटका मारला, वरच्या कोपऱ्यात. ब्रेमेनविरुद्ध विजेतेपदाच्या दिवशीही त्यानं असाच दुरून गोल केला होता. मध्यंतराच्या तोंडावर कोसुनूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि लेव्हरकुसेनचे दहाच उरले. संपूर्ण दुसरं सत्र त्यांनी एक माणूस कमी असताना काढलं. इथे कडांवरची धाव नव्हती, विर्ट्झचे नाजूक पास फारसे नव्हते. ताह आणि साथीदार येणारा प्रत्येक चेंडू डोक्यानं बाहेर काढत होते, गोलरक्षक ह्रादेत्स्की त्यांना ओरडून जागा दाखवत होता. मोसमभर सुंदर खेळून जिंकलेल्या संघानं चषक जिंकला तो चिवटपणानं. १-०.

३४ लीगचे, ६ चषकाचे, १३ युरोपचे. एकूण ५३ सामने, एक पराभव. लीगमध्ये ९० गुण, दुसऱ्या आलेल्या श्टुटगार्टपेक्षा १७ जास्त.

पुढच्या मोसमात, ३१ ऑगस्ट २०२४ रोजी, लाइपझिगनं त्यांना त्यांच्याच मैदानावर ३-२ असं हरवलं, तेही २-० अशी आघाडी त्यांच्याकडे असताना. लीगमधली मालिका ३५ सामन्यांवर थांबली. नंतर वर्षभरात अलोन्सो माद्रिदला गेला, विर्ट्झ आणि फ्रिम्पाँग लिव्हरपूलला, ताह बायर्नला, झाका संडरलँडला. इतका चांगला संघ फार काळ एकत्र राहू शकत नाही, हे युरोपच्या फुटबॉलचं अर्थकारण आहे.

तुम्ही फुटबॉल फक्त विश्वचषकाच्या महिन्यात पाहत असाल, तर यंदा एक करून पाहा. कुठल्याही देशाच्या लीगमधला एखादा मधल्या फळीतला क्लब निवडा, ऑगस्टपासून मेपर्यंत त्याचा गुणतक्ता आणि चषकाची वाटचाल दोन्ही पाहत राहा, आणि नव्वद मिनिटं झाली म्हणून टीव्ही बंद करू नका.